सनावळीचा चकवा : हेलबॉय कोणत्या क्रमाने वाचावा?

माझ्याकडे एक लाकडी खोका आहे. त्यात पोस्टकार्डाच्या आकाराची दीडशेच्या आसपास कार्डे. प्रत्येक कार्डावर एका चित्रकथेचे नाव, ती प्रसिद्ध झाली ते साल आणि तिच्यातली घटना घडते ते साल, एवढ्या तीन नोंदी. माझे शिक्षण बारावीला थांबले. पुढचे जे काही ते ग्रंथालयाच्या बाकावर, आपले आपणच. अशा माणसाचा सनावळीवर फार विश्वास बसतो. गुरू नसला की तारीखच गुरू होते. हा विश्वास मला एकदा चांगलाच नडला.

हेलबॉय अनेकांना 2004 च्या गिएर्मो देल तोरोच्या चित्रपटामुळे ठाऊक असेल. लाल कातडीचा, शिंगे कापून टाकलेला, उजवा हात दगडाचा असलेला सैतानाचा पोर. 1944 च्या डिसेंबरात नाझींसाठी रास्पुतिन त्याला या जगात ओढून आणतो. तो सापडतो मात्र दोस्तराष्ट्रांच्या माणसांना, आणि मोठा होऊन भुताखेतांचा बंदोबस्त करणाऱ्या बी.पी.आर.डी. या अमेरिकन संस्थेत नोकरी करतो. हे माइक मिन्योला या चित्रकाराचे काम. 1994 मध्ये डार्क हॉर्स प्रकाशनाने ‘सीड ऑफ डिस्ट्रक्शन’ ही पहिली चार अंकी कथा काढली आणि तिथून पंचवीसहून अधिक वर्षे हे झाड वाढत राहिले. संस्थेची स्वतंत्र मालिका निघाली, एब सेपियन या जलमानवाची निघाली, लॉब्स्टर जॉन्सनची निघाली, व्हिक्टोरियन काळातल्या सर एडवर्ड ग्रेची ‘विचफाइंडर’ निघाली. पात्रे एकीतून दुसरीत जातात. एका मालिकेत पडलेली ठिणगी दुसरीत वणवा होते. म्हणून नवा वाचक पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की सुरुवात कुठून करू?

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ रद्दीच्या दुकानात हाताला लागेल त्या क्रमाने वाचला, आणि काही बिघडले नाही. वेताळाच्या जगात काळ जवळजवळ पुढे सरकतच नाही. गोष्ट संपली की तो पुन्हा कवटीच्या गुहेत, सिंहासनावर. हेलबॉयच्या जगात जे मोडते ते मोडलेलेच राहते. नोकरी सोडली ती सोडली, मेलेला सहकारी मेला. अशा कथेला क्रम लागतोच.

माझ्या भाचीने विचारले तेव्हा मी अभिमानाने खोका उघडला आणि कार्डे घटनाकाळानुसार लावून दिली. आधी 1879 मधला सर एडवर्ड ग्रे, मग 1937 मधला लॉब्स्टर जॉन्सन, मग 1944, 1946, 1947... इतिहास असाच वाचतात, अशी माझी समजूत. तीन महिन्यांनी तिने पुस्तके पिशवीत घालून परत आणली. म्हणाली, “मामा, सगळं कळतंय, पण कशाचंच काही वाटत नाही.”

समीक्षेच्या पुस्तकात सापडले नसते असे हे वाक्य. महिनाभर ते माझ्या डोक्यातून गेले नाही. मग मी त्याच कथा प्रसिद्धीच्या क्रमाने पुन्हा वाचल्या. (ज्यांना अजून काही वाचायचे आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद गाळावेत. मी रहस्ये फोडणार आहे.)

‘पॅनकेक्स’ ही दोन पानांची कथा घ्या. घटना 1947 ची, न्यू मेक्सिकोतल्या लष्करी तळावरची. छोटा हेलबॉय नाश्त्याला पॅनकेक नको म्हणून हटून बसतो. जनरल म्हणतो, एक घास तर खा. तो खातो, त्याला आवडतो. लगेच चित्र बदलते : नरकाच्या राजधानीत हाहाकार. पोराने माणसांचे अन्न चाखले, आता तो आपल्याकडे परत येत नाही, म्हणून सैतान ऊर बडवून घेतात. घटनाकाळ धरला तर ही कथा अगदी आरंभी येते आणि निव्वळ विनोद उरतो. पण ती प्रसिद्ध झाली 1999 मध्ये. तोवर वाचकाने ‘वेक द डेव्हिल’ वाचलेले असते. या पोराच्या कपाळी जगाचा नाश लिहिला आहे असे सांगणारे एकामागून एक येऊन गेलेले असतात. मग तोच घास त्या लिखितावरचा पहिला नकार होतो, आणि तोही त्याच्या नकळत. दोन्ही वेळा हसू येते. दुसऱ्या वेळी त्या हसण्यात काहीतरी अडकते.

‘द कॉर्प्स’चे उदाहरण याहून मोठे. 1995 मध्ये ती एका व्यापारी कॅटलॉगात, दर महिन्याला दोन-दोन पाने अशी आली. म्हणजे जन्म अगदी साधा. आयर्लंड, 1959. पऱ्यांच्या लोकांनी तान्ही मुलगी पळवून पाळण्यात बदली प्राणी ठेवलेला असतो. मूल परत हवे तर हे प्रेत उजाडण्यापूर्वी पुरून ये, अशी अट हेलबॉयला घातली जाते. प्रेत त्याच्या पाठीवर बसते आणि बोलू लागते. वेतालपंचविशी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे दृश्य परके वाटत नाही, पण मिन्योलाने ते उचलले आयरिश लोककथेतून. कथा संपते, मुलगी घरी जाते. बदली प्राणी ग्रुगाख डुकराच्या देहात अडकून राहतो. वाचक त्याला विसरतो. मग 2007 मध्ये ‘डार्कनेस कॉल्स’मध्ये तोच ग्रुगाख जुना डंख घेऊन परततो, आणि त्याच्या सुडातून ‘द वाइल्ड हंट’ आणि ‘द स्टॉर्म अँड द फ्युरी’ उभे राहते, ज्याच्या शेवटी, 2011 मध्ये, हेलबॉय मरतो. ती तान्ही मुलगीही मोठी होऊन येते. म्हणजे बारा वर्षांपूर्वीची दयाबुद्धी नायकाच्या जिवावर उठते. हा घाव बसण्यासाठी मधे विसरायला जागा हवी.

आणि तो उजवा हात. पहिल्या कथेत तो फक्त आहे. का आहे याचा उलगडा नाही. त्याचे मूळ ‘द आयलंड’मध्ये, 2005 साली सांगितले जाते, आणि ते मूळ थेट सृष्टीच्या उत्पत्तीपाशी जाते. घटनाक्रमाचा हट्ट प्रामाणिकपणे चालवायचा तर त्या कथेतली काही पाने कात्रीने कापून सगळ्यांच्या आधी लावावी लागतील. माझे कार्ड इथेच अडले होते. तेव्हा मी त्यावर ‘आदिकाळ’ असे लिहून मोकळा झालो होतो. शहाण्याला तिथेच कळायला हवे होते.

संस्थेची गोष्ट सांगायची तर रॉजरचे नाव घ्यावे लागते. रॉजर हा प्रयोगशाळेत घडवलेला, माणूस होऊ पाहणारा जीव. ‘कॉन्करर वर्म’मध्ये (2001) संस्थाच त्याच्या शरीरात बॉम्ब बसवते. त्या रागाने हेलबॉय राजीनामा देतो. चार वर्षांनी ‘द ब्लॅक फ्लेम’मध्ये रॉजर मरतो, तेव्हा हेलबॉय तिथे नसतो. तो नसणे वाचकाला बोचले पाहिजे, आणि ते बोचते तो राजीनामा ताजा असेल तरच.

म्हणून आता मी सुचवतो तो क्रम असा. हेलबॉय आरंभापासून ‘कॉन्करर वर्म’पर्यंत, मधल्या छोट्या कथांसह. मग त्याला सोडून द्यायचे आणि संस्थेबरोबर राहायचे : ‘हॉलो अर्थ’पासून ‘किंग ऑफ फिअर’पर्यंतचे बेडकांच्या साथीचे सगळे पर्व, ज्यात जॉन आर्कुडीचे लेखन आणि गाय डेव्हिसची चित्रे मिन्योलाच्या तोडीची आहेत, काही ठिकाणी तर मला ती अधिक माणसाळलेली वाटतात. मग मागे येऊन हेलबॉयची भटकंती ‘द फ्युरी’पर्यंत. मग ‘हेल ऑन अर्थ’, त्यानंतर ‘हेलबॉय इन हेल’ आणि अखेर ‘द डेव्हिल यू नो’. काटेकोर प्रसिद्धीक्रम हा नव्हे. तो पाळायचा तर दर महिन्याला या फांदीवरून त्या फांदीवर उड्या माराव्या लागतील. लॉब्स्टर जॉन्सन ‘कॉन्करर वर्म’नंतर केव्हाही चालेल, त्यात तो भूत म्हणून भेटलेला असतो, मग त्याचे जिवंतपण वाचण्यात मजा आहे. एडवर्ड ग्रे शेवटी.

माझ्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रकाशकाने 2018 मध्ये जे जाडजूड खंड काढले, त्यांत मुख्य कथा चार खंडांत सलग आणि छोट्या कथा वेगळ्या दोन खंडांत घटनाकाळाप्रमाणे लावल्या आहेत. ज्याला हेलबॉयचीच गोष्ट हवी आहे त्याला ते सोयीचे, खिशालाही परवडणारे. पण त्या लावणीत आणखी एक नुकसान होते, ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मिन्योलाचा हात वर्षागणिक बदलत गेला. पहिल्या कथेचे संवाद जॉन बर्नचे, त्यात हेलबॉय चौकटींमधून स्वतःच निवेदन करतो, रेषाही दाट. पुढे मिन्योला स्वतः लिहू लागतो, ते निवेदन गळून पडते. ‘हेलबॉय इन हेल’पर्यंत (2012 ते 2016) येता येता पाने जवळजवळ मुकी होतात : काळा सपाट रंग, एखादे दार, एखादा दिवा. एक माणूस वीस वर्षे एकेक गोष्ट कमी करत गेला, तेही या पानांवर वाचता येते. घटनाकाळाने लावले की 1999 चा हात, 2013 चा हात, मधेच रिचर्ड कॉर्बेन नाहीतर डंकन फेग्रेडो, असा पत्त्यांचा पिसलेला जोड हाती येतो.

भाचीने यंदा पाडव्याला पुन्हा सुरुवात केली. खोका मी तिच्याकडेच दिला. कार्डे तिनेच नव्याने लावली आणि ‘आदिकाळ’वर लाल पेनाने 2005 लिहिले. रॉजरच्या मृत्यूनंतर दोन आठवडे तिने पुढचे पुस्तक मागितले नाही. आता ती ‘डार्कनेस कॉल्स’वर आहे आणि डुकराच्या देहातला तो कोण, आपण याला कुठे पाहिले आहे, असे विचारते आहे. मी सांगितलेले नाही. ‘विचफाइंडर’ अजून माझ्याच कपाटात आहे.