तवा बदलून झाला. पुढे?

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंनी ‘डार्क वॉटर्स’ उशिरा का होईना पाहिला, आणि रात्री अकरा वाजता संदेश आला: घरातले सगळे नॉनस्टिक तवे आजच्या आज फेकून द्या! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर बिडाचे तवे, काचेचे डबे, बिनवासाचे साबण आणि ‘विषमुक्त’ उशा यांच्या लिंकांचा नुसता पाऊस पडला. पाण्यातली नेमकी हीच रसायनं मोजण्याचं काम मी करते. (पोस्टडॉक आहे. म्हणजे शिक्षण संपलेलं आणि नोकरी न लागलेली.) त्यामुळे विचारणा माझ्याकडे आली: यादीत अजून काय घालायचं?

यादी देण्याआधी मी तो सिनेमा पुन्हा पाहिला, या वेळी आईबरोबर. ती चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आली आहे, आणि बॅगेत वजनाची पर्वा न करता बिडाचा तवा घेऊन आली आहे. म्हणजे आमच्या घरी ग्रुपचा आदेश आधीच पाळला गेला होता.

टॉड हेन्स यांचा हा चित्रपट २०१९चा. सिनसिनाटीतला कॉर्पोरेट वकील रॉब बिलॉट, जो आयुष्यभर रसायन कंपन्यांच्या बाजूने उभा राहिला, त्याच्याकडे १९९८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गचा एक शेतकरी व्हिडिओ कॅसेटींचं खोकं घेऊन येतो. विल्बर टेनंट. त्याची गुरं पटापट मरताहेत, वासरांचे डोळे विचित्र, दात काळे. शेजारी ड्यूपाँटचा कचरा पुरण्याचा खड्डा, आणि त्यातून निघणारा ओढा गुरांच्या पिण्याचा. पुढे कंपनीच्या एक लाख दहा हजारांवर पानांत बिलॉटला एक अक्षर सापडतं: पीएफओए, कंपनीच्या बोलीत सी-८. टेफ्लॉन तयार करताना वापरलं जाणारं रसायन. उंदरांच्या यकृतावर त्याचा परिणाम होतो हे कंपनीच्या संशोधकांना १९६१पासून ठाऊक होतं.

हेन्स यांनी हे सगळं ज्या रंगांत दाखवलं आहे ते बघण्यासारखं आहे. एडवर्ड लॅकमन यांच्या छायाचित्रणात सगळीकडे एक आजारी हिरवट-करडा उजेड आहे. ऑफिसात, शेतात, बिलॉटच्या जेवणाच्या टेबलावरही. कुठेही ‘इथे विष आहे’ असं बोट दाखवणारा कॅमेरा नाही, उजेडच तसा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे वाट पाहणं. २००४च्या तडजोडीतल्या पैशांतून जवळजवळ सत्तर हजार लोकांनी रक्त दिलं, आणि मग शास्त्रज्ञांच्या समितीचे निष्कर्ष पूर्ण व्हायला २०१२ उजाडलं. सात-आठ वर्षं काहीच घडत नाही, हे दोन तासांच्या सिनेमात दाखवायला धाडस लागतं. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातला रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल: समितीने सहा दुखण्यांशी संबंध जोडला तेव्हा कुठे २०१७ साली सुमारे ६७ कोटी डॉलरची भरपाई झाली.

आता माझी तक्रार. सिनेमात एक रात्र आहे. टेफ्लॉन म्हणजे काय हे कळल्यावर बिलॉट वेड्यासारखा घरातलं सामान उपसतो, आणि बायकोला वाटतं याचं डोकं फिरलं. प्रसंग जबरदस्त आहे. पण प्रेक्षक सिनेमागृहातून नेमका हाच प्रसंग घरी घेऊन जातो. वकिलाने वीस वर्षं कोर्टात काढली, आपण तवा फेकतो आणि सुटतो.

त्या तव्याचं रसायनशास्त्र थोडं सांगते, कारण ग्रुपवर याचाच सगळा गोंधळ आहे. तव्यावरचा तयार थर आणि तो बनवताना वापरलेलं पीएफओए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर स्वतः बराच निष्क्रिय असतो. एखादा कपचा पोटात गेलाच तर बहुतांशी तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरलात तर मात्र तो विघटित होतो, आणि त्या धुराने घरातले पाळीव पक्षी मेल्याची उदाहरणं आहेत. पार्कर्सबर्गचे लोक तव्यामुळे आजारी पडले नाहीत. ते पाण्यामुळे आणि हवेमुळे पडले, कारण तवा वापरला जातो जगभर, पण त्याचा थर बनतो एका ठिकाणी, आणि घाण त्या ठिकाणी राहते. तिथल्या लोकांच्या रक्तात पीएफओएचं मध्यक प्रमाण मिलिलिटरला २८ नॅनोग्रॅमच्या आसपास निघालं. तेव्हा बाकी अमेरिकेत ते चारच्या घरात होतं. सिनेमा शेवटी सांगतो की हे रसायन जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात आहे. खरं आहे. पण ‘सगळ्यांच्यात आहे’ म्हटलं की चार आणि अठ्ठावीस यांतला फरक पुसला जातो.

हे हेन्सना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनीच चोवीस वर्षं आधी याची दुसरी बाजू दाखवली होती. १९९५चा ‘सेफ’ तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा, ‘डार्क वॉटर्स’पेक्षा तो मोठा सिनेमा आहे असं माझं मत. कॅरल व्हाइट (जुलियान मूर) ही सॅन फर्नांडो व्हॅलीतली सुखवस्तू गृहिणी. सोफा चुकीच्या रंगाचा आला हीच तिची मोठी अडचण. मग ट्रकच्या धुराने ठसका, पार्लरमध्ये केस कुरळे करताना नाकातून रक्त, ड्रायक्लीनरच्या दुकानात फवारणी चालू असताना कोसळणं. डॉक्टरांना काही सापडत नाही. ती न्यू मेक्सिकोतल्या एका आश्रमवजा जागी जाते, आणि तिथला गुरू शिकवतो की आजार तुमच्याच मनातून येतो, स्वतःवर प्रेम करा. एकेक वस्तू टाकत टाकत कॅरल शेवटी आतून चिनीमातीने मढवलेल्या घुमटात एकटी उरते. काय सोडायचं याची यादी पूर्ण होते आणि माणूस संपतो. तिच्या दुखण्यामागचा धूर कुणी सोडला, हा प्रश्न त्या आश्रमात कुणी विचारतच नाही.

आमच्या ग्रुपवरच्या लिंका पाहताना मला कॅरलची आठवण येत होती. ताईंची चेष्टा करत नाही. त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे, आणि घाबरण्यात काही चूक नाही. तेव्हा जे खरंच उपयोगाचं आहे ते सांगते. अमेरिकेत असाल तर तुमच्या पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल काढून वाचा. पीएफओए आणि पीएफओएस यांची मर्यादा २०२४ साली लिटरला चार नॅनोग्रॅम ठरली आहे. आकडा जास्त असेल तर आरओ किंवा चांगला कार्बन फिल्टर बसवा, आणि काडतूस वेळेवर बदला. पाणी उकळू नका. म्हणजे जंतूंसाठी उकळा, पण यासाठी नाही. पाण्याची वाफ होते, ही रसायनं मागे राहतात आणि उलट दाट होतात. आईला हे पटवायला मला दोन दिवस लागले. डाग न धरणारा म्हणून विकला जाणारा गालिचा किंवा सोफा घेऊ नका, आणि रांगतं मूल असेल तर फरशी ओल्या फडक्याने पुसा, कारण ही रसायनं धुळीतही असतात. तवा खरवडला असेल तर बदला, नसेल तर मंद आचेवर खुशाल वापरा. बस्स. आम्ही नमुने गोळा करायला निघतो तेव्हा पाणी न शिरणारं जॅकेट चालत नाही, टेफ्लॉनची नळी तर नाहीच, क्रीमसुद्धा तपासून लावायचं. नाहीतर नदीऐवजी आमचाच अंश मोजला जातो. एवढं पसरलेलं आहे ते. ते एका घरातून हाकलणं शक्य नाही.

आणि तरीही ते कमी झालंय! अमेरिकी लोकांच्या रक्तातलं पीएफओए १९९९-२००० ते २०१७-१८ या काळात ७० टक्क्यांहून जास्त घटलं, पीएफओएस ८५ टक्क्यांहून जास्त. एवढे तवे कुणी फेकले नव्हते. एका मोठ्या उत्पादकाने २००० साली माघार जाहीर केली, आठ कंपन्यांनी २००६ साली २०१५पर्यंत थांबण्याचं कबूल केलं, आणि त्यामागे बिलॉटसारख्यांनी सरकारी टेबलांवर नेऊन आदळलेली कागदपत्रं होती. नळ मुळाशी बंद केला, आणि ज्यांनी सिनेमाचं नावही ऐकलं नाही त्यांच्याही रक्तातून ते उतरलं.

पण कारखाना बंद होतो म्हणजे नेमकं काय होतं? सिनेमा इथे थांबतो. मला थांबता येत नाही.

इटलीत व्हिचेंझाजवळ त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथल्या मितेनी या कारखान्याने याच जातीच्या रसायनांनी व्हेनेतो प्रांतातल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी नासवलं. आयांनी आपल्या मुलांच्या रक्ताचे आकडे टी-शर्टवर छापून मोर्चे काढले. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि जून २०२५मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने अकरा जणांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. दरम्यान यंत्रसामग्री लिलावात निघाली. ती एका भारतीय कंपनीने घेतली, आणि ती बसवली गेली रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत.

आईला हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “आप्पांच्या लोट्याला?”

आप्पा म्हणजे माझे काका. लोट्याच्याच वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. काकू त्यांचे कपडे वेगळे धुवायची, वास जायचा नाही म्हणून. माझ्या एम.एस्सी.च्या फीचा अर्धा भाग त्याच पगारातून आला. दाभोळच्या खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं मेलेल्या मासळीबद्दल ओरडत होते, माधव गाडगीळ समितीच्या २०११च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाबद्दल लिहिलं गेलं, आणि आमच्या घरात त्यावर कोणी अवाक्षर काढत नसे. म्हणून ‘डार्क वॉटर्स’मधला मला सर्वांत खरा वाटलेला भाग म्हणजे गावकऱ्यांचे चेहरे: चर्चमध्ये, हॉटेलात टेनंट कुटुंबाकडे पाठ फिरवणारे. सिनेमा त्यांना जरा घाईने, गर्दी म्हणून उरकतो. खऱ्या गोष्टीत टेनंटचा भाऊ त्याच कंपनीत कामाला होता, आणि खड्ड्याची जमीन त्यानेच कंपनीला विकली होती. त्या भावावर एक वेगळा सिनेमा व्हायला हवा. तो मी डोळे मिटून बघेन, आणि मला तो आवडणार नाही.

त्रिस्सिनोचं तंत्र आलं म्हणजे तिथली घाणही आली, असा निष्कर्ष मी काढत नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही हे माझं काम आहे. पण मोजायला लावणारं कोण? पार्कर्सबर्गला सत्तर हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, या रसायनांसाठी रकानाच नाही. रकाना नसला की कोणतंही पाणी उत्तीर्ण.

ग्रुपवर मी शेवटी फिल्टरचं, उकळण्याचं आणि गालिच्याचं एवढंच लिहिलं, आणि खाली लोट्याबद्दल चार ओळी. फिल्टरवर एकोणतीस अंगठे आले आणि कोणता ब्रँड, असं नऊ जणांनी विचारलं. लोट्यावर एकच प्रश्न आला, “हे नेमकं कुठे आलं?”

ग्रुपमधली निदान चार कुटुंबं रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. त्यातल्या एका दादांनी रात्री उशिरा मला वेगळा निरोप पाठवला. त्यांचं घर खेडजवळ आहे, आई-वडील अजून विहिरीचंच पाणी पितात. ते पाणी कुठे तपासून मिळेल, एवढंच त्यांना हवं होतं.