क्रम बदलला म्हणून काय बिघडले?

आव्यूहांच्या गुणाकाराचा धडा उघडला की बहुतेक पाठ्यपुस्तकांत एक सूचना हमखास सापडते : ‘अब आणि बअ समान असतीलच असे नाही.’ विद्यार्थी ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. सूचना बरोबरच आहे; आमचा आक्षेप आहे तो तिच्या सुराला. आव्यूहांत जणू काही खोट आहे आणि ती सांभाळून घ्यायची आहे, असा तो सूर असतो.

मुळात हा गुणाकार आला कोठून? आर्थर केली यांनी १८५८ साली आव्यूहांचे बीजगणित मांडले, ते एकघाती समीकरणांच्या संदर्भात. दोन रूपांतरणे एकापाठोपाठ केली की मिळणारे रूपांतरण म्हणजे त्यांचा गुणाकार. पुठ्ठ्याच्या चौरसाच्या एका कोपऱ्यावर आरपार खूण करा. तो काटकोनातून फिरवून मग पालथा करा. पुन्हा मूळ स्थितीत आणून आधी पालथा करा, मग फिरवा. खूण समोरासमोरच्या कोपऱ्यांत येते. येथे क्रमाला महत्त्व असणारच!

आता दोन आव्यूह घेऊ. अर्धविरामाने ओळी वेगळ्या केल्या आहेत.

अ = (० १; ० ०), ब = (० ०; १ ०)
अब = (१ ०; ० ०), बअ = (० ०; ० १)

उत्तरे वेगळी आहेत, पण एकमेकांना परकी नाहीत. क्ष आणि य अक्षांची अदलाबदल केली की अ चा ब होतो, ब चा अ होतो आणि अब चा बअ होतो. प = (० १; १ ०) घेतल्यास ही अदलाबदल म्हणजे प्रत्येक आव्यूह म च्या जागी पमप⁻¹ ठेवणे. बेरीज-गुणाकाराची सारी नाती तशीच टिकतात. हीच आव्यूहांच्या वलयाची एक सममिती.

गुणाकार क्रमनिरपेक्ष असता तर पमप⁻¹ म्हणजे पुन्हा म च. काहीच हलले नसते. उलट, वास्तव संख्यांच्या आव्यूह-वलयाची प्रत्येक सममिती अशीच, आतल्याच एखाद्या प मुळे घडते, असे स्कोलेम-नोदर सिद्धांतावरून निघते. पुस्तके ज्याची खोट म्हणून ओळख करून देतात, त्यातूनच ही सारी रचना उभी राहते.

म्हणून शिक्षकांनी सूचनेऐवजी एक प्रश्न द्यावा : ओळींचे स्तंभ केले तरी अ चा ब होतो, मग तीही सममिती का नाही? अब चे काय होते, ते विद्यार्थ्यांनाच करून पाहू द्या. अब जागचा हलत नाही, हे त्यांना दिसेल आणि क्रम का जपायचा, हेही कळेल.