डोके माझे, हेल्मेट कशाला? : काही प्रचलित मतांची तपासणी

हेल्मेटसक्तीचा विषय महाराष्ट्रात दर काही वर्षांनी निघतो, चार दिवस गाजतो आणि विरून जातो. जुलै २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी योजना जाहीर केली. विरोध होताच ती गुंडाळली गेली. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात सक्ती सुरू झाली, तेव्हा तेथे विरोधी समित्या उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्यावरही कारवाई करण्याच्या सूचना राज्यभर निघाल्या आणि पुन्हा तीच चर्चा झाली. वस्तुतः १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणारा व मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट बंधनकारक करते. कायदा जुनाच आहे, अंमलबजावणी तेवढी मधूनमधून जागी होते.

या प्रत्येक वेळी नांदेडच्या काय किंवा लातूरच्या काय, चहाच्या टपरीवर आणि शाळेच्या शिक्षकखोलीत ठरावीक मते ऐकू येतात. ती तपासण्याचे काम शिक्षकांनी करावे, असे म्हणण्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे यांपैकी निम्मी मते गतिज ऊर्जा, शेकडेवारी आणि ध्वनी या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांवरची आहेत. दुसरे म्हणजे मुखेड, किनवट, निलंगा, अहमदपूर अशा तालुक्यांत दुचाकीवरून रोज अप-डाउन करणाऱ्यांत शिक्षकांची संख्या मोठी आहे. प्रश्न आपल्याच डोक्याचा आहे.

तपासणीच्या सोयीसाठी या मतांचे तीन ढीग करू. काही मते मोजून तपासता येतात. काही मोजता येत नाहीत, पण तोलावी लागतात. उरलेल्या निव्वळ सबबी असतात. आपल्या चर्चेत हे तिन्ही ढीग एकमेकांत मिसळतात, म्हणून ती कुठेच पोहोचत नाही.

'गावातल्या गावात कशाला?'

हे मत मोजता येण्यासारखे आहे. दुचाकीस्वाराचे डोके जमिनीपासून सुमारे १.६ मीटर उंच असते. गाडी घसरली आणि डोके तेवढ्या उंचीवरून रस्त्यावर आपटले, तर त्याचा वेग v² = २gh या सूत्राने सेकंदाला ५.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटर निघतो. गाडी जवळजवळ उभी असली तरी हा वेग कमी होत नाही.

आता हे डोके किती अंतरात थांबते ते पाहू. डांबर दबत नाही; डोक्याची कातडी फार तर दोनेक मिलिमीटर दबेल असे धरू. तेवढ्यात थांबायचे तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या ८०० पट येते. हेल्मेटच्या आत थर्माकोलचा थर असतो. तो २० मिलिमीटर चेपला, तर मंदन ८० पटींवर येते. थांबण्याचे अंतर दहापट झाले, म्हणून आघात एक दशांश झाला. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे नेतात, त्यातला हाच नियम. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते; जीव वाचवण्याचे मुख्य काम आतला थर्माकोल स्वतः चेपून करतो.

हेल्मेटच्या बाजूची एक अतिशयोक्तीही येथेच तपासू. 'ताशी साठच्या वेगाने पडणे म्हणजे चौथ्या मजल्यावरून पडणे' असे फलक रस्त्याकडेला दिसतात. ताशी ६० किलोमीटरचा वेग १४ मीटरवरून पडण्याइतका असतो, हे गणित बरोबर आहे. परंतु तो सगळा वेग डोक्यावर तेव्हाच येतो, जेव्हा डोके समोरच्या खांबावर किंवा मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर सरळ आदळते. त्या वेळी वीस मिलिमीटर थर्माकोल पुरत नाही. घसरून पडणाऱ्याचे डोके रस्त्यावर आपटते ते मुख्यतः उंचीमुळे आलेल्या वेगाने, आणि तेथे हेल्मेट चांगले काम करते. म्हणजे वेग मर्यादेत असेल तेव्हाच हेल्मेटचा खरा उपयोग. 'हेल्मेट आहे, मग पळवा' हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे.

जवळच्या प्रवासाविषयी एक जुना अभ्यास बोलका आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट व सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. बरेचसे अपघात छोट्या प्रवासात, निघाल्यावर थोड्याच वेळात झालेले होते. प्रत्यक्ष टकरीच्या वेळचा मध्यक वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर होता. गंजगोलाईच्या परिसरातून बार्शी रोडला जाताना आपला वेग याच्या आसपासच असतो.

'मान मोडते, ऐकू येत नाही, केस जातात'

हेल्मेटच्या वजनाने मानेला इजा होते हे मत फार पसरलेले आहे. डोक्याचेच वजन साडेचार-पाच किलो असते. हेल्मेटमुळे त्यात किलो-सव्वा किलोची भर पडते. नव्या माणसाला पहिले काही दिवस मान अवघडल्यासारखी वाटते, हे खरे. परंतु हेल्मेटमुळे अपघातात मानेच्या दुखापती वाढतात, असे मोठ्या पाहण्यांत आढळलेले नाही. ऐकू येण्याचेही तसेच. हेल्मेटमुळे हॉर्नचा आवाज थोडा कमी होतो, तसा वाऱ्याचाही होतो. हर्ट यांच्या अहवालात हेल्मेटमुळे वाहतुकीचे महत्त्वाचे आवाज किंवा नजरेचा आवाका अडल्याचे दिसले नाही. कानाला मोबाइल लावून खांदा तिरपा करून गाडी चालवणाऱ्याने हा आक्षेप घ्यावा, ही गंमतच. केसांचा प्रश्न अस्तर धुण्याचा आहे.

एक तक्रार मात्र खरी आहे, ती उन्हाची. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बंद हेल्मेटमध्ये जीव नकोसा होतो. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर हवा खेळती राहील असे हेल्मेट मागणे हे आहे. ऊन लागते म्हणून डोके कमी फुटत नाही.

'हेल्मेट घातलेलाही गेलाच की'

असे एक उदाहरण प्रत्येकाला माहीत असते. एका उदाहरणावरून नियम ठरत नाही, हे आपण वर्गात सांगतो आणि बाहेर विसरतो. जगभरच्या अभ्यासांचे एकत्र परीक्षण करून २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेने काढलेला निष्कर्ष असा: हेल्मेटमुळे मोटरसायकल अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे जेथे शंभर मेले असते तेथे ५८ जण हेल्मेट घालूनही मरतील. ओळखीतले उदाहरण या ५८ मधले. वाचलेले ४२ जण मात्र कुणाच्या गोष्टीत येत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी कामावर गेलेले असतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकी अपघातांत मरण पावले. हे सर्व 'हेल्मेट नसल्यामुळे मेले' असे वर्तमानपत्रांत छापून येते, ते बरोबर नाही. त्यांपैकी अनेक जण हेल्मेट असते तरी वाचले नसते. ४२ टक्क्यांचा हिशेब ढोबळमानाने लावला, तर सुमारे २१ हजार जण वाचू शकले असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. म्हणजे वर्षाला अडीच किल्लारी. किल्लारीनंतर, दगडमातीच्या भिंतींवर जड माळवद घालणे ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे, असे कुणी म्हटले नाही. रस्त्यावरची माणसे एकेक करून जातात, म्हणून तो आकडा अंगावर येत नाही.

'डोके माझे आहे'

हे मत दुसऱ्या ढिगातले आहे. येथे सूत्र चालत नाही. प्रौढ माणसाने स्वतःपुरता धोका पत्करावा की नाही हे सरकारने का ठरवावे, हा गंभीर प्रश्न आहे आणि लोकशाहीत तो विचारलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये सक्ती आल्यावर फ्रेड हिल नावाचा वृद्ध गृहस्थ वर्षानुवर्षे हेल्मेटविना गाडी चालवत राहिला, पुनःपुन्हा तुरुंगात गेला आणि १९८४ मध्ये तुरुंगवासातच मरण पावला. अमेरिकेत १९७६ मध्ये केंद्र सरकारचा दबाव उठताच अनेक राज्यांनी सक्ती सैल केली. आपल्याकडे १९८८ मध्ये अजय कानू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हेल्मेटच्या नियमामुळे संचारस्वातंत्र्याचा किंवा जीविताच्या हक्काचा भंग होत नाही.

नांदेडमध्ये या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कलम १२९ नुसार पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला हेल्मेटमधून सूट आहे. ब्रिटनने १९७६ मध्ये अशीच सूट दिली. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या या शहरात 'त्यांना चालते, मग आम्हाला का नाही?' असे सहज बोलले जाते. या बोलण्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. पगडी हेल्मेटइतकी सुरक्षित आहे, असे कायदा कुठेही म्हणत नाही. थर्माकोलचे गणित सर्वांना सारखेच. कायद्याने धोका आणि श्रद्धा यांची तुलना करून, श्रद्धेच्या बाबतीत सक्ती करायची नाही एवढे ठरवले. म्हणजे हक्काचा विचार कायद्यात झालेलाच आहे. ज्याला आणखी सूट हवी त्याने तितक्याच तोलाचे कारण द्यावे. घाम येतो किंवा केस विस्कटतात ही कारणे त्या तोलाची नाहीत.

'तुमचा खर्च समाजावर पडतो' हे प्रतिपक्षाचे आवडते उत्तरही मला पुरेसे वाटत नाही. तसे पाहिले तर तंबाखूचाही पडतो. माझा आक्षेप वेगळा आहे. 'डोके माझे' म्हणणाऱ्याच्या गाडीवर बहुधा एकच डोके नसते. घरात हेल्मेट असते ते एक, आणि तेही आरशाला अडकवलेले. मागे पत्नी, मध्ये मूल, पुढे टाकीवर आणखी एक. वरच्या ५०,०२९ मृतांपैकी १४,३३७ मागे बसणारे होते. ही डोकी चालवणाऱ्याची नव्हती. मुलाला तर धोका समजूही शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सांगितले आहे, आणि चार वर्षांखालील मुलांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम झाले. व्यक्तिस्वातंत्र्याचा युक्तिवाद प्रामाणिकपणे करायचा, तर मागच्या आसनापाशी तो थांबला पाहिजे.

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या रस्त्यावर तर तो सुरूच होऊ शकत नाही. सोळा वर्षांखाली मोटारवाहन चालवण्याची परवानगीच नाही. सोळा ते अठरा वयाला फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालते, आणि तशी गाडी आता क्वचितच दिसते. म्हणजे दहावी-अकरावीची जी मुले पेट्रोलच्या स्कूटरवर ट्रिपल सीट दिसतात, त्यांतली बहुतेक कायद्याबाहेर आहेत. अशा वेळी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

'आधी खड्डे बुजवा'

या तक्रारीत राग आहे आणि तो योग्य आहे. खड्डे, रात्री दिवे नसलेली वळणे, रस्त्यात उभी वाहने यांची जबाबदारी शासनाची आहे. चौकात पावती फाडून ती संपत नाही. अंमलबजावणीही डोळे झाकून चालते. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. तरी रस्त्याकडेला टोपीसारखी प्लास्टिकची कवचे विकली जातात, आणि ती डोक्यावर ठेवून, हनुवटीचा पट्टा न लावता, पोलिसासमोरून जाता येते. पट्टा नसेल तर पहिल्या आदळीतच हेल्मेट निघून जाते.

पण 'आधी' हा शब्द सबब आहे. खड्डे बुजेपर्यंत डोके थांबत नाही. खड्डा आहे म्हणून तर हेल्मेट अधिक लागते. दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येतात.

शाळेत काय करता येईल?

थर्माकोलच्या तुकड्यावर अंगठा जोरात दाबा. खळगा तसाच राहतो. एकदा मोठा मार बसलेले हेल्मेट टाकून का द्यावे, हे मुलांना यातून कळते. एक अंडे उघडे व एक थर्माकोलमध्ये बसवून सारख्याच उंचीवरून टाका. मग आठवी-नववीच्या मुलांना शाळेच्या फाटकाशी एक तास बसवा आणि चालवणारे, मागे बसलेले, मुले व पट्टा लावलेले असे चार रकाने भरायला सांगा. गाडीचे क्रमांक किंवा नावे लिहू देऊ नका. आपल्याला प्रमाण हवे आहे, कुणाची तक्रार करायची नाही.

त्या तक्त्यात शिक्षकांच्या गाड्याही येतील. तक्ता फळ्यावर मांडण्याच्या दिवशी आपण शाळेत कसे आलो, हे मुलांनी आधीच नोंदवलेले असेल.