सिंहासनावरील गाठ

मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश भाषेतील काव्य आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या दृष्टीस पडले असेल. अकराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या या दहा संधींच्या काव्याची आवृत्ती हिरालाल जैन यांनी संपादित केली व ती १९३४ साली विदर्भातील कारंजा येथून प्रसिद्ध झाली. काव्य जैन परंपरेतील आहे आणि त्याचा नायक दूरच्या चंपानगरीचा. तरीही ज्याच्या उपासनेत मूर्तीला व पवित्र स्थळाला स्थान आहे, अशा कॅथलिक वाचकाने त्यातील एक प्रसंग तरी अवश्य वाचावा असे आम्हांस वाटते. तो प्रसंग आपल्याच धाराशिव जिल्ह्यात घडतो.

दक्षिणेत स्वारीवर निघालेला करकंड राजा तेरापूरला मुक्काम करतो. तेरापूर म्हणजे आजचे तेर, हे संपादकांनी साधार मांडले आहे. जवळच्या डोंगरात त्याला एक लेणे आणि त्यातील पार्श्वनाथांची मूर्ती दिसते. डोंगरावर एक हत्ती सोंडेतून पाणी व कमळ आणून एका वारुळाची पूजा करीत असतो. राजा वारूळ खणवितो. तेथेही पार्श्वनाथांची मूर्ती सापडते आणि ती लेण्यात आणली जाते. मग राजाची नजर जुन्या मूर्तीच्या सिंहासनावरील एका गाठीकडे जाते. ही गाठ शोभा बिघडवते असे त्याला वाटते. एक वृद्ध शिल्पकार सांगतो की, लेणे कोरताना येथे पाण्याची शीर फुटली होती. ती बुजविण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजाला ती शीर पाहण्याचे कुतूहल वाटते. शिल्पकार परोपरीने विनवतो, तरी राजा गाठ फोडवितो. पाणी उसळते, लेणे भरून जाते, आणि राजा पश्चात्तापाने व्याकूळ होतो.

काव्य म्हणून हा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटतो. उपकथांच्या गर्दीत नायक वारंवार हरवतो, हा या ग्रंथाचा दोष नाकारता येणार नाही. येथे मात्र कवीने मोजक्या घटनांत मानवी स्वभावाचे मर्म पकडले आहे. राजा मूर्तिभंजक नाही. तो भक्त आहे. वारुळातील मूर्ती त्यानेच आदराने आणविली आहे. त्याच्या हातून घडलेला अपराध द्वेषातून घडत नाही, तर सौंदर्याच्या हौसेतून आणि ‘आत काय आहे ते पाहू या’ या उतावीळपणातून घडतो. मुक्या हत्तीने न खणता पूजा केली, आणि शहाण्या राजाने खणून, फोडून पाहिले. कवी हा विरोध बोलून दाखवीत नाही, यातच त्याचे कौशल्य आहे.

पुढे मात्र कवीची पकड सैल होते. एक विद्याधर प्रकट होतो, पाणी थांबविण्याचे वचन देतो आणि लेण्याचा पूर्वेतिहास सांगू लागतो. राजाच्या पश्चात्तापाला मुरण्यास अवसरच मिळत नाही. ज्याचे म्हणणे खरे ठरले त्या वृद्ध शिल्पकाराकडे राजा पुन्हा वळतही नाही. चमत्काराने कथा सुटली, पण क्षमायाचना राहून गेली, असे आम्हांस वाटते.

गेल्या हिवाळ्यात काही धर्मग्रामवासीयांसह धाराशिवची लेणी पाहण्याचा योग आला. ती शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात आहेत. दुसऱ्या क्रमांकाचे लेणे मोठे आहे. सुमारे ८० फूट लांबी-रुंदीचा स्तंभयुक्त मंडप, भोवती भिक्षूंच्या खोल्या, आणि आतील अंधारात पद्मासनस्थ मूर्ती. बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात या लेण्यांची नोंद केली. ती मुळात बौद्ध असून पुढे जैन झाली, असे काही अभ्यासक अजिंठ्याशी असलेल्या साम्यावरून मानतात. तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिरही मूळचा बौद्ध चैत्य असल्याचे मत आहे.

मूर्ती नेमकी कोणाची, यावर आमच्या सोबत्यांत तेथेच वाद रंगला. तेव्हा आम्हांस काव्य आठवले. विद्याधराच्या कथेनुसारही मूर्ती दूरदेशाहून आणलेली. येथे खाली ठेवली आणि पुन्हा उचलता आली नाही. करकंडू राजाला तर जैन आणि बौद्ध दोघेही प्रत्येकबुद्धांत गणतात. ज्या काव्यात मूर्ती स्वतःच पाहुणी म्हणून येते, ते काव्य मालकीचा दाखला म्हणून पुढे करणे हा त्याचा चुकीचा अर्थ होय. आपल्या परंपरेतही योसाफात या संताची कथा बुद्धचरित्रातून आली. आपल्या पूर्वजांनी ती ओळख नसतानाही आदराने जपली. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. त्या अंधाऱ्या गाभाऱ्यापुढे आम्ही मौन धरले, ते याच भावनेने.

परंतु त्या मौनात एक जुनी बोच होती. तरुणपणी एका धर्मग्रामात असताना रौप्यमहोत्सवानिमित्त आम्ही तेथील लाकडी क्रूसमूर्तीचे नूतनीकरण करविले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने प्रभूच्या पावलांची बोटे झिजून गेली होती. ती आम्हांस कुरूप वाटली. म्हाताऱ्या सुताराने “फादर, पावलांना हात लावू नका,” असे दोनदा सांगितले. आम्ही लांबी भरवून वर तैलरंग चढविला. महोत्सवाच्या मिस्सानंतर एक आजी नेहमीप्रमाणे पावलांशी गेली, तिने बोटे फिरविली आणि विचारले, “माझ्या आईने धरलेले पाय कुठे गेले?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्यासाठी कोणी विद्याधरही आला नाही.

आज गावोगावी जुनी चर्चे पाडून नवी उभारण्याचा उत्साह आहे. वेद्या बदलतात, पुतळे रंगतात, फरश्या चकाकतात. काही ठिकाणी ते आवश्यकही असते. तथापि छिन्नी लावण्यापूर्वी गावातील वृद्ध कारागिराला विचारावे, आणि विचारले तर ऐकावे. जी गाठ आपल्याला ओबडधोबड दिसते, तिच्यामागे कोणाच्या तरी श्रद्धेचे पाणी अडलेले असते. कनकामर मुनींच्या राजाने शिल्पकाराची क्षमा मागितली नाही. त्या सुताराची क्षमा मागण्यास आम्हीही उशीर केला. पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा तो या जगात नव्हता.