पुरवण्यांचा पूर

परीक्षेत पुरवणी मागणाऱ्या मुलांची मला लहानपणापासून धास्ती. आपण मुख्य उत्तरपत्रिकेचं तिसरं पान कसंबसं ओलांडत असावं, नि मागच्या बाकावरून "सर, पुरवणी!" अशी आरोळी यावी. त्या आरोळीने अर्ध्या वर्गाचे हातपाय गार पडत. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा या पुरवण्यांतून. पण अडुसष्टाव्या वर्षी त्या पुन्हा भेटल्या. या खेपेला संगणकात.

त्याचं असं झालं. आमची लेक इंग्लंडात असते. तिचा मुलगा तेरा वर्षांचा. या वयाच्या नातवाशी फोनवर बोलणं म्हणजे तार करण्यासारखं. प्रत्येक शब्दाला पैसे पडत असावेत असं तो बोलतो. "जेवलास?" "हो." "शाळा?" "ओके." "बरं, आजीला देतो." संपलं संभाषण.

शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, त्याच्याशी बोलायचं असेल ना, तर तो जिथे असतो तिथे जा."

तो असतो अझेरॉथमध्ये. हे गाव इंग्लंडात नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा एक खेळ आहे. अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये काढला. त्यात देशोदेशीची माणसं एकाच वेळी शिरतात, सोंगं घेतात, राक्षस मारतात आणि मधल्या वेळात मासे धरतात. मी एक ठेंगणा, दाढीवाला पुरोहित झालो. काम मात्र वैद्याचं: दुसऱ्यांनी मार खायचा, आम्ही जखमा भरायच्या. हिने पडद्यावर एकदा निरखून पाहिलं नि म्हणाली, "दाढी नवी आहे. पोट जुनंच घेतलंत."

बुधवार नि रविवार, रात्री साडेनऊ, हा आमचा मुहूर्त ठरला. पहिले काही आठवडे फार सुखाचे गेले. मी बर्फात रस्ता चुकायचो, नातू शोधत यायचा. मी दरीत पडायचो, तो वरून हसायचा. हसता हसता कानातल्या यंत्रातून शाळेतल्या चार गोष्टी सांगायचा. तारेचं आता अंतर्देशीय पत्र झालं होतं.

मग एके दिवशी त्याने माझा पडदा पाहिला.

"आबा, तुझ्याकडे एकपण ॲडऑन नाही?" "तुमच्या घरात नळ नाही?" या चालीवर.

ॲडऑन म्हणजे पुरवणी. खेळातली बटणं, नकाशे, रक्ताच्या पट्ट्या यांची मांडणी कंपनीने केलेली असते, पण ती पसंत नसेल तर बदलायची मुभा आहे. ही बदलाबदल करणाऱ्या पुरवण्या खेळणारेच हौसेने लिहितात, नि त्या फुकट असतात. २००९ साली कंपनीने नियमच केला की यांना पैसे लावायचे नाहीत नि आतलं लिखाण दडवून ठेवायचं नाही. लिहायची भाषा 'लुआ'. ही १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या एका विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. इंग्लंडातल्या नातवाने पुण्यातल्या आजोबाला अमेरिकन खेळात ब्राझीलचा चंद्र दाखवावा, याला जग जवळ येणं म्हणतात.

पुरवणी बसवणं सोपं असतं असं नातू म्हणतो. तो बटण दाबतो, आपोआप बसते. मी ती हाताने बसवली, कारण आपोआप होणाऱ्या गोष्टींवर माझा बँकेपासून विश्वास नाही. आलेलं गाठोडं सोडायचं, आतली पिशवी खेळाच्या 'इंटरफेस' कप्प्यातल्या 'ॲडऑन्स' या पोटकप्प्यात ठेवायची. मी ठेवली. खेळाला दिसेना. तीनदा ठेवली. तिन्हीदा दिसेना. शेवटी कळलं की गाठोडं सोडताना त्याच नावाच्या पिशवीत तीच पिशवी राहिली होती. खेळ बाहेरची पिशवी उघडून पाहतो. आत पुन्हा पिशवी दिसली की काही नाही असं समजून निघून जातो. आमच्याकडे दुधाच्या पिशव्यांची हीच व्यवस्था आहे, पण ही त्यात बरोबर हवी ती शोधते.

आणि एक गंमत. पुरवणी जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली असेल तर खेळ ती घेत नाही. मात्र एक चौकट असते, तिच्यात खूण केली की कालबाह्य झालेल्या पुरवण्याही चालू होतात. ही चौकट पाहून मला गहिवरून आलं. निवृत्तीच्या कागदांत मला ती कुठेच दिसली नव्हती.

महिन्याभरात माझ्याकडे अकरा पुरवण्या झाल्या. 'टॉमटॉम' नावाच्या पुरवणीने एक बाण दिला. तो दाखवील तिकडे जायचं. रस्ता चुकणं बंद झालं, आणि मला शोधायला येणंही. 'डेडली बॉस मॉड्स' ही राक्षस काय करणार हे तो करायच्या आधी सांगते. सेकंद मोजते, वर भोंगा वाजवते. 'हीलबॉट'ने आमच्या सगळ्या सोबत्यांचे चौकोन केले. चौकोन रिकामा होऊ लागला की टिचकी मारायची, जखम भरते. मी शेकडो राक्षसांशी लढलो, पण त्यांतला एकही नीट पाहिला नाही. चौकोन पाहिले. चाळीस वर्षं खातेवह्यांत पाहिले होते, तेच.

आणि 'डीटेल्स'. ही हिशेबनीस. कोणी किती मारलं, किती जखमा भरल्या, याची उतरती यादी करते. पंचवीस जणांच्या एका लढाईत आम्ही सहा वैद्य होतो. मी सहावा. राक्षस मेला होता, कोणी दगावलं नव्हतं; तरी एका अनोळखी गृहस्थांनी ती यादी सर्वांना वाचायला पाठवली. नातू हळूच म्हणाला, "आबा, ते वाचू नकोस." मग मला सुधारण्यासाठी त्याने शिकवणी सुरू केली. आता आमचं बोलणं असं: "हे आधी." "बरं." "ते नंतर." "बरं." "आजीला दे." अंतर्देशीयची पुन्हा तार झाली.

आता जरा टीकाकाराच्या खुर्चीत बसतो. पुरवण्या लिहिणाऱ्यांना मी दोष देणार नाही. माझ्या मोतीबिंदूला झेपतील एवढी अक्षरं मोठी करणारी पुरवणी कोणा भल्या माणसाने फुकट लिहिली. तिच्याशिवाय मी पहिल्याच गावात वाचायचा थांबलो असतो. जी पुरवणी मला बघायला मदत करते तिला माझा नमस्कार. माझी तक्रार आहे ती जी माझ्याऐवजी बघते तिच्याबद्दल. गाइड आणि मूळ पुस्तक यांत जो फरक, तोच इथे.

हे भांडण जुनं आहे. पूर्वी एक पुरवणी अशी होती की सोबत्यांत रोग कोणाला झाला, औषध कोणतं, हे सारं तीच ठरवी. माणसाने बटण बडवत राहायचं. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने ते बंद केलं: लढाईत कोणावर काय करायचं हे माणसानेच ठरवलं पाहिजे. मग पुरवण्या सल्ला देऊ लागल्या. सल्ल्यामुळे राक्षस सोपे झाले, म्हणून कंपनीने ते अवघड केले. ते अवघड म्हणून पुरवण्या वाढल्या. पेपर अवघड म्हणून क्लास, क्लास म्हणून पेपर अवघड. हा हिशेब मराठी पालकांना समजावून सांगायला नको. अखेर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की 'मिडनाइट' या पुढच्या भागापासून लढाईतल्या माहितीवर पुरवण्यांना डोकं चालवता येणार नाही. आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिने स्वतःच अशी सोय दिली होती की एकच बटण दाबत राहिलं तरी खेळ पुढची चाल आपण होऊन निवडतो! क्लास बंद करायचे, नि शाळेनेच गाइड छापायचं.

असो. एका बुधवारी खेळाची नवी आवृत्ती आली आणि आम्हा दोघांच्याही सगळ्या पुरवण्या एकदम बसल्या. बाण गेला, भोंगा गेला, हिशेबनीस गेला. "आबा, मला काहीच दिसत नाहीये," नातू म्हणाला. मला तर पहिल्यांदाच सगळं दिसत होतं.

लढाई शक्य नव्हती, म्हणून आम्ही ट्रामने निघालो. ठेंगूंच्या आयर्नफोर्जहून माणसांच्या स्टॉर्मविंडला भुयारातून एक ट्राम जाते. एरवी तो ट्राममध्ये मागच्या लढाईचे आकडे तपासत बसे. त्या दिवशी आकडे नव्हते. भुयार मध्येच काचेचं झालं, बाहेर समुद्र, नि हिरव्या पाण्यातून लांब मानेचा एक अवाढव्य प्राणी सावकाश पोहत गेला.

"आबा! हे नवीन आलं?"

"नाही रे. तुझ्या आधी आठ वर्षं आलंय."

तो गप्प झाला. आम्ही स्टॉर्मविंडला उतरलोच नाही. त्याच ट्रामने परत, पुन्हा तिकडे. चौथ्या फेरीला तो आपण होऊन म्हणाला, की शाळेतला त्याचा एकुलता एक मित्र दुसऱ्या गावी गेला, आणि मधल्या सुट्टीत तो आता ग्रंथालयात बसतो. हे त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. मी फक्त "बरं" म्हणालो. पण हे "बरं" वेगळं होतं. त्या रात्री आजीला फोन द्यायचं दोघेही विसरलो.

शुक्रवारपर्यंत पुरवण्या दुरुस्त होऊन आल्या. नातवाने सगळ्या धाडल्या. अक्षरं मोठी करणारी मी नीट बसवली. बाकीच्या दहाही बसवल्या, अगदी त्याने सांगितलेल्या कप्प्यात.

फक्त पिशवीत पिशवी ठेवली.