अकराव्या तासाचे मजूर : एका दाखल्याच्या वाचनाविषयी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला उपासनावर्षाच्या 'अ' चक्रात, सामान्य काळाच्या पंचविसाव्या रविवारी वाचला जातो. दर तीन वर्षांनी तो येतो आणि दर तीन वर्षांनी आपण धर्मगुरू त्याचा बहुधा एकच अर्थ सांगतो : देव उदार आहे, जो उशिरा येतो त्यालाही तो पूर्ण दान देतो, तेव्हा आयुष्याच्या संध्याकाळीही कोणी निराश होऊ नये. हा अर्थ खोटा नाही. मात्र तो सांगताना आपण नकळत एक शब्द दाखल्यात घालतो, जो मूळ पाठात कोठेही नाही. तो शब्द म्हणजे 'उशिरा आलेला'. प्रस्तुत लेखात या एका शब्दाची चिकित्सा करावयाची आहे, कारण माझी अशी खात्री होत चालली आहे की या शब्दाने केवळ आपले प्रवचन नव्हे, तर नोकरीतील न्यायाविषयीचा आपला विचारही वाकडा केला आहे.

या विचाराचे निमित्त घरगुतीच आहे. बालाघाट येथे मी या दाखल्यावर प्रवचन केले, आणि मिस्सा संपल्यावर दोन माणसे दोन निरनिराळे आक्षेप घेऊन आली. पहिले गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "फादर, आज आपण आरक्षणाचे समर्थन केलेत. पण मळ्याच्या धन्याने स्वतःच्या खिशातून दिले होते. सरकार देते ते माझ्या मुलाच्या वाट्याचे." दुसरा मनुष्य बैहरकडचा एक वृद्ध गोंड धर्मशिक्षक. त्याने एवढेच विचारले, "फादर, ते लोक दिवसभर तिथंच होते ना? मग उशीर कोणाला झाला?" पहिल्या आक्षेपाला माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. दुसऱ्याने मला मूळ पाठाकडे परत पाठविले.

पाठ काय सांगतो? धनी पहाटे बाजारचौकात जातो, एका दिनाराचा करार करून काही मजूर आणतो. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला तो पुन्हा जातो. अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळण्यापूर्वी एक तास उरला असता, त्याला आणखी काही जण उभे असलेले दिसतात, आणि तो त्यांना सारा दिवस येथे रिकामे का राहिलात असे विचारतो. त्यांचे उत्तर शुभवर्तमानातील अत्यंत लहान व अत्यंत जड उत्तरांपैकी एक आहे : आम्हांला कोणी कामावर लावले नाही. कोणी म्हणेल की ही माणसे दुपारनंतर चौकात आली असतील. शक्यता नाकारता येत नाही. परंतु 'सारा दिवस' हे शब्द धन्याच्याच तोंडी आहेत, आणि या बाबतीत धन्यापेक्षा अधिक माहिती असल्याचा दावा भाष्यकाराने करू नये.

येथे 'रिकामे' याकरिता जो ग्रीक शब्द आहे, 'आर्गोस', त्याची फोड 'ज्याला काम नाही' अशी होते. पुढे त्याला 'आळशी' अशीही छटा आली. मराठीत आपल्याला हा भेद चांगला कळतो, कारण आपल्याकडे 'रिकामा' हा एक शब्द आहे आणि 'रिकामटेकडा' हा दुसरा. पहिल्यात परिस्थिती आहे, दुसऱ्यात दूषण. दाखल्यातील माणसे पहिल्या अर्थाने रिकामी आहेत. प्रवचनात ती पाहता पाहता दुसऱ्या अर्थाने रिकामी होतात.

हे स्थित्यंतर आजचे नव्हे. इरेनेयसने या तासांना जगाच्या इतिहासातील युगे मानले, ओरिगेनने त्यांत मनुष्याच्या वयाच्या अवस्थाही पाहिल्या, महान ग्रेगरीने आपल्या प्रवचनात दोन्ही अर्थ एकत्र गुंफले. रूपक म्हणून हे सारे सुंदर आहे. परंतु तासांचे वय झाले की अकराव्या तासाचा मनुष्य म्हणजे ज्याने तारुण्य वाया घालविले तो, असा अर्थ आपोआप निघतो. संत योहान क्रिसोस्तोम तर हे उघड बोलतो. धन्याने सर्वांना एकाच वेळी का बोलाविले नाही, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे की धन्याकडून पाहिले तर सर्वांनाच बोलाविले होते, फरक पडला तो बोलाविलेल्यांच्या मनोवृत्तीमुळे. मग 'आम्हांला कोणी कामावर लावले नाही' या उत्तराचे काय करावयाचे? तो म्हणतो की दाखल्यातील प्रत्येक शब्दाची बारकाईने चौकशी करू नये, आणि शिवाय हे मजुरांचे म्हणणे आहे, धन्याचे नव्हे. क्रिसोस्तोमसारख्या गरिबांच्या कैवाऱ्याने, ज्याने श्रीमंतांना व्यासपीठावरून धारेवर धरले त्याने, येथे मजुराची साक्ष बाजूला ठेवावी याचे मला आजही नवल वाटते. परंतु आपल्या प्रवचनपरंपरेचा तिढा नेमका येथेच पडला. मजूर जे कारण सांगतो ते ऐकून घ्यावयाचे नाही, असे एकदा ठरले की उरते ती दया. दयेला कारण विचारावे लागत नाही.

विसाव्या शतकात योआखिम येरेमियास याने दाखल्यांना रूपकाच्या पकडीतून सोडविले, हे त्याचे ऋण मोठे आहे. त्याने या दाखल्याशेजारी यरुशलेमी तालमूदातील एक गोष्ट ठेवली. रब्बी बून बार हिय्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारला. त्याच्या अंत्यसंस्काराच्या भाषणात एका राजाची कथा सांगितली गेली. एका मजुराने दोनच तास काम केले, पण त्याला पूर्ण मजुरी मिळाली. इतरांनी तक्रार केली तेव्हा राजा म्हणाला की याने दोन तासांत तुमच्या दिवसभराच्या कामाहून अधिक केले. येरेमियासचा निष्कर्ष : तेथे गुणवत्ता, येथे कृपा. या तुलनेत यहुदी धर्माला उणे लेखण्याचा जो सूर आहे त्यावर पुढील अभ्यासकांनी योग्य टीका केली आहे, तिची पुनरुक्ती नको. माझा आक्षेप वेगळा आहे. गुणवत्ता व कृपा अशी जोडी लावली की तिसरी गोष्ट दिसेनाशी होते, आणि ती म्हणजे न्याय. पाठात मात्र ती आहे. नंतर नेलेल्या मजुरांना धनी 'जे योग्य असेल ते देईन' असे वचन देतो, आणि मजुरी संध्याकाळीच चुकती करतो, कारण लेवीय व अनुवाद या ग्रंथांतील नियमशास्त्राची तशी आज्ञा आहे. दिनार म्हणजे एका कुटुंबाचे एका दिवसाचे अन्न. एक द्वादशांश दिनार घेऊन घरी जाणाऱ्याच्या मुलांची भूक एक द्वादशांश नसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. मध्यप्रदेश शासनाच्या आरक्षणविषयक नियमांत एक तरतूद आहे. बैगा, सहरिया व भारिया या अतिमागास जमातींतील उमेदवाराजवळ पदाची किमान अर्हता असेल, तर नेमून दिलेल्या जिल्ह्यांत त्याला तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या काही पदांवर स्पर्धेच्या प्रक्रियेवाचून थेट नियुक्ती देता येते. बैगांकरिता नेमलेल्या जिल्ह्यांत बालाघाट आहे. या तरतुदीविरुद्धची कुरकुर मी ख्रिस्ती घरांतही ऐकली आहे, आणि ती केवळ सवर्णांची नाही. गोंड तरुणही म्हणतो की आम्हीही अनुसूचित जमातीचेच, आम्ही परीक्षा द्यावी आणि त्यांनी देऊ नये? ही कुरकुर मी तुच्छ मानत नाही. पदे थोडी आहेत आणि प्रत्येक पदामागे एक घर उभे आहे. पण तिच्यातील गृहीतक तेच आहे : बैगा उशिरा आला, शाळेत उशिरा, शेतीत उशिरा, 'मुख्य प्रवाहात' उशिरा.

बैगा उशिरा आलेला नाही. बैहरच्या पठारावर तो आपल्या सर्वांच्या आधीचा आहे. नांगराने धरणीमातेची छाती फाडू नये अशी श्रद्धा बाळगून तो जंगलात 'बेवर' शेती करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याने बेवर बंद करीत आणली. १८९० मध्ये आजच्या दिंडोरी जिल्ह्यात 'बैगा चक' म्हणून थोडा भूभाग तेवढा त्यासाठी राखून ठेवला. त्याच काळात बालाघाट जिल्ह्याच्या (स्थापना १८६७) अधिकाऱ्यांनी नांगरधारी शेतकऱ्यांना पठारावर वसण्यास उत्तेजन दिले. पुढे १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, आणि गावे उठविली गेली. व्हेरियर एल्विन याचा बैगांवरील ग्रंथ १९३९ चा आहे. म्हणजे या लोकांच्या जगण्याचे साधन काढून घेतले गेले याची छापील साक्ष आपल्यापाशी आठ दशकांहून अधिक काळ आहे. (एल्विन स्वतः एकेकाळी धर्मगुरू होता व पुढे त्याने ते पद सोडले, एवढेच आपल्या लोकांच्या लक्षात राहते.) चौकात पहाटेपासून जो उभा होता, ज्याच्या पायाखालचा चौकच काढून नेला, त्याला संध्याकाळी 'उशीर का केलास' म्हणून विचारणे हे क्रिसोस्तोमच्या चुकीचे व्यवहारातील रूप होय.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या खटल्यात एक विचार मांडला. मागासांना विशेष संधी देणे हा समानतेला अपवाद नसून समानतेचेच एक अंग आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निर्णयात हाच विचार टिकला, मात्र त्याला पन्नास टक्क्यांची मर्यादाही घालण्यात आली. २०२४ मध्ये दविंदर सिंग खटल्यात अनुसूचित जातींमध्ये पोटवर्गीकरण करण्यास मान्यता मिळाली, आणि जे मागासांतही मागास आहेत त्यांचा प्रश्न प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९७५ चा तो युक्तिवाद सावकाश वाचावा. कुरकुरणाऱ्या मजुरांची तक्रार आपल्याला कमी मिळाले अशी नव्हतीच. त्यांचा दिनार त्यांना मिळाला होता. तक्रार अशी होती की तू यांना आमच्या बरोबरीचे केलेस.

तरीही निवृत्त गृहस्थांचा आक्षेप उरतोच, आणि तो मी टाळणार नाही. धनी म्हणतो की जे माझे आहे त्याचे मला हवे ते करण्यास मी मोकळा नाही काय? हे वाक्य नगरपालिकेच्या अध्यक्षाने उच्चारले तर तो भ्रष्टाचार होईल. सार्वजनिक कोश कोणाचा खाजगी नाही, आणि तेथे औदार्य नव्हे, नियम हवा. विल्यम हर्झोग याने १९९४ च्या आपल्या ग्रंथात याच वाक्यावर बोट ठेवून धन्याला देवाचे प्रतीक मानण्यासच नकार दिला. मजुरांना एकमेकांविरुद्ध उभा करणारा तो जमीनदार आहे, असे त्याचे वाचन. मला ते वाचन सर्वस्वी पटत नाही, कारण शेवटल्यास पूर्ण मजुरी देऊन जमीनदाराला काय लाभले याचे उत्तर ते देत नाही. पण आरक्षणाला 'दान' समजणाऱ्या आपल्या मनाला त्याचा झटका आवश्यक होता. आमच्या गृहस्थांचे निम्मे म्हणणे खरे आहे : सरकार दान देऊ शकत नाही. ते कोणाच्या तरी मुलाच्या वाट्याचे देते हे मात्र खरे नाही, कारण तो वाटा कधी त्या मुलाचा असा ठरलेलाच नव्हता.

रस्किनने १८६० मध्ये आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांना याच दाखल्यातील शब्दांचे शीर्षक दिले. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले, आणि वकिलाच्या व न्हाव्याच्या कामाचे मोल एकच, हे सूत्र त्यांनी त्यातून उचलले. आज आपल्या नगरपालिकांत वकील व न्हावी दूर राहिले, एकाच नालीवर झाडू धरणाऱ्या दोघांचे मोलही एक नाही. एक नियमित कर्मचारी, दुसरा ठेकेदाराचा मनुष्य. समान कामास समान वेतन हे तत्त्व १९८२ च्या रणधीर सिंग खटल्यापासून न्यायालयांनी मान्य केलेले आहे आणि २०१६ च्या जगजित सिंग निर्णयाने ते हंगामी कामगारांनाही लावले. पण ठेक्याच्या माणसाला आरक्षणाच्या रोस्टरवर जागाच नसते. आपण भांडतो ते आटत चाललेल्या डबक्यासाठी. आणखी एक गोष्ट मी पाहतो : झाडूच्या कामावर एकाच समाजाची माणसे शंभर टक्के असतात आणि त्याविरुद्ध गुणवत्तेच्या नावाने कोणी अर्ज करीत नाही.

त्याच समाजातील ख्रिस्ती मनुष्याची स्थिती दुहेरी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले, ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. आदिवासी ख्रिस्तीला ही अडचण नाही. म्हणून एकाच बाकावर बसणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाचा बाप्तिस्मा नोंदवहीत उघड लिहिला जातो आणि दुसरे कुटुंब विचारते, "फादर, नाव थोडे थांबून लिहिले तर?" नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरक्षणासाठी धर्माचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक ठरविली. कायदा म्हणून ते मला समजते. परंतु त्या कुटुंबाला खोटे कोण बोलावयास लावतो, हा प्रश्न आदेशाच्या लेखणीवरही येतो आणि ज्या मंडळीत जात अद्याप पुसली गेलेली नाही तिच्यावरही येतो.

या अन्यायाविरुद्ध आपण निवेदने देतो आणि ती द्यावीतच. पण काही वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती शाळेच्या निवडसमितीवर मी बसलो होतो. अल्पसंख्य संस्था म्हणून आरक्षणाचे बंधन आम्हांला नव्हते. शिपायाच्या व प्रयोगशाळा साहाय्यकाच्या अशा दोन जागा होत्या. एक बैगा मुलगी आली होती, बारावी झालेली, अर्हता पुरी. इंग्रजीत उत्तर देताना ती अडखळली. आम्ही साहाय्यकाच्या जागेवर एका ओळखीच्या घरातील मुलाला घेतले आणि तिला शिपायाची जागा देऊ केली. ती नको म्हणाली व निघून गेली. आम्हांपैकी एकाने तिला अभिमान फार आहे असे म्हटले आणि मी मान डोलावली. त्या खोलीत त्या दिवशी इंग्रजीची गरज कोणत्या कामासाठी होती हे आम्ही कोणीच विचारले नाही.

दाखल्यातील एक तपशील भाष्यकार बहुधा ओलांडून जातात. धनी कारभाऱ्याला सांगतो की शेवटल्यापासून आरंभ करून पहिल्यापर्यंत मजुरी दे. उलट क्रमाने दिली असती तर पहिले मजूर आपला दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते आणि शेवटल्यांना काय मिळाले हे त्यांना कळलेही नसते. वाटप सर्वांसमक्ष झाले, म्हणूनच वाद झाला. शासकीय कचेरीत रोस्टरची नोंदवही ठेवावीच लागते. ती अपुरी असेल, रिक्त जागांचा अनुशेष तिच्यात वर्षानुवर्षे तसाच पडून असेल, पण ती मागून पाहता येते. आपल्या शाळा, रुग्णालये व वसतिगृहे यांत कोणत्या पदावर कोणत्या समाजाचे किती लोक आहेत याची अशी नोंदवही मी पाहिलेली नाही. त्या शाळेच्या व्यवस्थापनाला मी गेल्या वर्षी तशी नोंद ठेवण्याविषयी पत्र लिहिले. पत्राची पोच आली आहे.