फुकट आहे, पण कुणी काढलंय? प्लेगचे फोटो आणि चित्रसाठ्यांची परीक्षा

लेखाला चित्र कुठून आणायचं, हा प्रश्न बहुतेक जण अगदी शेवटी विचारतात. मजकूर लिहून झालेला असतो, संदर्भ लावून झालेले असतात, मग कुणीतरी म्हणतं की ‘एखादा फोटो टाक ना, भकास दिसतंय.’ गूगल इमेजेस उघडायचं, पहिल्या ओळीतलं चित्र उतरवायचं आणि खाली लिहायचं : ‘सौजन्य : इंटरनेट’. इंटरनेट नावाच्या कुणी गृहस्थांनी कॅमेरा हातात घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण ही ओळ सेमिनारच्या स्लाइडपासून छापील विशेषांकापर्यंत सगळीकडे दिसते.

संशोधनात येऊ पाहणाऱ्यांना यावर एरवी दोनच सल्ले मिळतात. एक, ‘शैक्षणिक वापराला सगळं चालतं’. दुसरा, ‘फुकट फोटोंच्या साइटवरून घे, भानगड नको’. पहिला सल्ला अर्धवट आहे. दुसरा कायद्याच्या दृष्टीने ठीक असला तरी संशोधनाच्या दृष्टीने बऱ्याचदा निकामी ठरतो. हे नुसतं म्हणण्यापेक्षा एका उदाहरणावर तपासू. विषय घेऊ १८९६-९७चा मुंबईतला प्लेग, आणि पाहू की स्वस्त आणि कायदेशीर चित्रांची जी ठिकाणं सुचवली जातात ती या परीक्षेत किती टिकतात.

आधी अनस्प्लॅश, पिक्साबे ही मंडळी. तिथे ‘प्लेग’ असं शोधलंत तर मिळण्याची शक्यता सर्वात जास्त कशाची? चोचीच्या मुखवट्यातल्या डॉक्टरची. ते रूप मुळात सतराव्या शतकातल्या युरोपातलं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं चित्र पाउल फ्युर्स्टने १६५६च्या सुमारास छापलेलं, आणि तेही रोमच्या डॉक्टरचं म्हणून. मांडवीच्या चाळींत असा डॉक्टर फिरला नाही. तिथे सप्टेंबर १८९६मध्ये रोग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, हडफड्यात जन्मलेले. मुंबईच्या प्लेगवरच्या मराठी लेखांना ही चोच लावलेली मी एकाहून जास्त वेळा पाहिली आहे. परवान्यात खोट नसते, लेखात असते.

या साइट्सबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अनस्प्लॅशवरचे फोटो आधी सीसी झिरो परवान्याखाली, म्हणजे सगळे हक्क सोडून दिलेले असे असत. २०१७मध्ये त्यांनी स्वतःचा वेगळा परवाना आणला. पिक्साबेने २०१९मध्ये तेच केलं. २०२१मध्ये अनस्प्लॅश गेटी इमेजेसने विकत घेतलं. म्हणजे ‘फुकट’ ही पाटी कायमची नसते. चित्र ज्या दिवशी उतरवलं त्या दिवशी पानावर काय लिहिलं होतं त्याचा स्क्रीनशॉट ठेवणं हाच त्यावर साधा उपाय.

दुसरं टोक म्हणजे पैसे घेऊन फोटो देणारे स्टॉक साठे. इथे शोध चांगला लागतो, ऐतिहासिक फोटोही भरपूर असतात. माझा आक्षेप नुसत्या किमतीवर नाही, जरी एका फोटोच्या पैशात फेलोशिपवाल्याची मेस आरामात निघू शकते. आक्षेप असा, की ज्यावरचा हक्क कधीच संपलाय अशी चित्रंही तिथे शुल्क लावून विकली जातात आणि विकत घेणाऱ्याला ते कळेलच असं नाही. अमेरिकी छायाचित्रकार कॅरल हायस्मिथ यांनी आपले हजारो फोटो जनतेच्या वापरासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले होते. डिसेंबर २०१५मध्ये त्यांच्याच संस्थेला पत्र आलं : तुमच्या वेबसाइटवर असलेल्या या फोटोचे १२० डॉलर भरा. फोटो खुद्द हायस्मिथबाईंनी काढलेला! २०१६मध्ये त्यांनी गेटी इमेजेस आणि इतरांवर १०० कोटी डॉलरचा दावा लावला. त्यातला मुख्य भाग न्यायालयाने फेटाळला आणि उरलेलं आपसात मिटलं. कारण पब्लिक डोमेनमधली वस्तू विकायला बंदी नाही. विहिरीचं पाणी बाटलीत भरून कुणी विकत असेल तर तो गुन्हा नव्हे, पण विहीर कुठे आहे हे आपल्याला माहीत असायला हवं.

(गेटी इमेजेस आणि लॉस एंजेलिसचं गेटी म्युझियम यांची गल्लत करू नका. म्युझियमने २०१३पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा मोकळ्या केल्या आहेत. आडनाव एक, वागणूक वेगळी.)

आता आपल्या विषयाची विहीर. ती लंडनमध्ये आहे : वेलकम कलेक्शन. वैद्यकाच्या इतिहासाचा हा प्रचंड साठा. जानेवारी २०१४मध्ये त्यांनी एक लाखाहून जास्त ऐतिहासिक प्रतिमा मोकळ्या वापरासाठी दिल्या आणि त्यानंतरही भर पडत गेली. मुंबईच्या प्लेगचे फोटो इथे आहेत. प्लेगसाठी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाचा आतला भाग, बाधित घरं धुऊन काढणारा पाण्याचा बंब, घरोघर तपासणीला निघालेली पथकं. मोठ्या आकारात उतरवता येतात, पैसे नाहीत, नाव नोंदवण्याची कटकट नाही.

या साठ्याला मी सर्वात वरचा नंबर देतो, आणि त्याचं कारण ‘फुकट’ हे नाही. कारण आहे एक शब्द. नोंदीत छायाचित्रकार म्हणून कॅप्टन सी. मॉस यांचं नाव येतं, पण ते ‘यांनी काढल्याचं मानलं जातं’ अशा अर्थाच्या शब्दासकट. या फोटोबद्दल आपल्याला किती खात्री आहे, हे कॅटलॉग तुम्हाला सांगतोय. स्टॉक साइटवर हा शब्द बऱ्याचदा गळून पडतो, आणि लेखात आला की हमखास पडतो. शिवाय नोंदीत जागा असते, साल असतं. याच साठ्यात कराचीच्या प्लेगचेही फोटो आहेत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ‘बॉम्बे’ म्हणजे शहर की इलाखा, हे न पाहता फोटो उचलला तर कराचीची छावणी तुमच्या लेखात सहज मुंबईची होऊन बसेल. परीक्षक कराचीचा निघाला नाही तर कुणाला कळणारही नाही, हा भाग वेगळा.

वेलकमची उणीव सांगायलाच हवी. बऱ्याच चित्रांची वर्णनात्मक शीर्षकं नंतरच्या कॅटलॉगकारांनी दिलेली असतात, त्यामुळे ती फोटोवरचा मूळ मजकूर म्हणून उद्धृत करू नका. शोधताना जुनी इंग्रजी स्पेलिंगं वापरावी लागतात, ‘मुंबई’, ‘पुणे’ टाकून फारसं हाती लागत नाही. आणि फोटोंतल्या साहेबांना हुद्दा असतो, खाटेवरच्या माणसाला नाव नसतं.

विकिमीडिया कॉमन्सवर यांतले बरेच फोटो सापडतात, आणि शोधायला ते सोपंही आहे. कॉमन्सचा नियम कडक आहे : व्यापारी वापराला मनाई असलेला परवाना तिथे चालत नाही, त्यामुळे तिथून घेतलेलं चित्र नियतकालिकालाही सहसा चालून जातं. पण तिथे परवान्याची पाटी चढवतो तो वापरकर्ता, आणि ती चढवली त्या दिवसाची असते. वेलकमहून आलेल्या शेकडो वर्षं जुन्या कामांवर कॉमन्समध्ये ‘सीसी बाय ४.०’ अशी पाटी ठिकठिकाणी दिसते. म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. पण ज्या फोटोवरचा हक्कच संपलाय त्याच्या स्कॅनवर परवाना कोण देणार? अमेरिकेत १९९९च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल निकालाने सांगितलं, की हक्क संपलेल्या सपाट चित्राची हुबेहूब प्रत काढल्याने नवा कॉपीराइट जन्मत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात, निकालपत्रांच्या प्रतींच्या संदर्भात, नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही, थोडं तरी कौशल्य आणि विवेक लागतो, अशी भूमिका घेतली. श्रेय मात्र द्याच. ते परवान्यासाठी नाही तर वाचकाला मूळ नोंदीपर्यंत जाता यावं म्हणून. आणि कॉमन्सवर सापडलं तरी मूळ संस्थेच्या पानावर जाऊन एकदा बघा.

आजच्या काळातला फोटो घेत असाल तर परवान्याचा आवृत्ती-क्रमांकही वाचा. सीसी २.०मध्ये श्रेय चुकलं की परवाना तिथेच संपतो. ४.०मध्ये चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना पुन्हा लागू होतो. जुन्या फ्लिकर फोटोंवर २.० असतो, आणि अपुऱ्या श्रेयावर बोट ठेवून पैसे मागणारे लोक याच फटीतून येतात.

आता ‘शैक्षणिक वापराला सगळं चालतं’ याकडे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(क) मध्ये योग्य वापराची मुभा आहे : संशोधनासह खासगी वापर, आणि टीका किंवा परीक्षण. पहिल्यातला ‘खासगी’ हा शब्द विद्यार्थी वाचत नाहीत. तुमच्या वहीत, गाइडला पाठवलेल्या मसुद्यात तो लागू पडेल. पण पीएचडीचा प्रबंध शोधगंगेवर चढतो आणि कुणालाही उघडता येतो. तिथे ‘माझं संशोधन आहे’ एवढं म्हणून भागत नाही. तिथे आधार घ्यायचा तो दुसऱ्याचा, टीका-परीक्षणाचा, आणि त्याला अट आहे की तुम्ही त्या चित्राबद्दल खरोखर काही म्हणत असलं पाहिजे. प्रकरणाच्या पहिल्या पानावर शोभेला लावलेला फोटो इथे बसत नाही. ज्या फोटोची चौकट, ज्यातली माणसं, ज्याचा हेतू यावर तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत, तो बसू शकतो. मला कायद्यातली ही रेघ आवडते. कारण चांगला गाइडही नेमका हाच प्रश्न विचारतो : हे चित्र इथे काय करतंय?

मुदतीचा हिशोब सोपा आहे. भारतात फोटोवरचा हक्क पूर्वी प्रसिद्धीनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं असे, २०१२च्या कायदादुरुस्तीनंतर मात्र तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. रंगचित्र, रेखाचित्र असेल तर कलावंताच्या मृत्यूनंतर तशीच ६० वर्षं. राजा रविवर्मा १९०६मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या चित्रांसाठी कुणाची परवानगी नको. पण कालच्या प्रदर्शनात कुणी कोनातून, फ्रेम-भिंतीसकट काढलेला फोटो ही वेगळी वस्तू, त्याचा हक्क वेगळा. सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेला पुतळा किंवा इमारत यांचा फोटो तुम्ही स्वतः काढून छापू शकता, कलम ५२ मध्येच ती मुभा आहे. खर्च फक्त बसच्या तिकिटाचा. या मार्गाकडे लोक का दुर्लक्ष करतात, कळत नाही.

एआयने बनवलेलं ‘१८९७ची मुंबई’ असं चित्र? स्वस्त आहे, सोयीचंही आहे, पण ते कशाचा पुरावा आहे ते सांगता आलं तर जरूर लावा.

एवढं करून कायदेशीर, मोफत, नोंद पक्की असलेला फोटो मिळाला, तरी माझ्या मते खरी अडचण इथून पुढे आहे. प्लेगचे जे फोटो सहज मिळतात ते कुणासाठी काढले गेले? कॅप्टन मॉस लष्करी अधिकारी होते. कारभार होता जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीचा, आणि फोटोंत दिसतं तेही समितीचं काम. म्हणून खाटा रांगेत आहेत, बंब चालू आहे, पथक नीट उभं आहे. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या कारभारात गोरे सोजीर घरात शिरत होते, माणसांना छावणीत नेत होते. २२ जून १८९७ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि ३ जुलैला तो मेला. तो राग या रांगेतल्या खाटांत कुठेच दिसत नाही. जे फोटो आपल्याला मोकळे मिळतात ते सरकारी डोळ्याचे आहेत, आणि प्रत्येक लेख तेच पाचसहा फोटो लावत गेला की वाचकाच्या डोक्यात प्लेग म्हणजे एक शिस्तबद्ध मोहीम होऊन बसते. खाटेवरच्या रुग्णाला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. कॉपीराइट संपला म्हणून तोही प्रश्न संपत नाही. मी स्वतः चेहरा जवळून दिसणारे फोटो टाळतो, घरं आणि रस्ते दाखवणारे घेतो.

म्हणून फोटोखाली मी लिहितो ते असं : ‘बाधित घरं धुणारा बंब, मुंबई, १८९७. छायाचित्र कॅप्टन सी. मॉस यांचं मानलं जातं. प्लेग समितीच्या कामाचं चित्रण. वेलकम कलेक्शन, लंडन. पब्लिक डोमेन.’ पुढे नोंदीचा दुवा. तीन ओळी जातात. संपादक कधीकधी ‘समितीच्या कामाचं चित्रण’ हे कापायला सांगतात, मी ते ठेवायचा आग्रह धरतो.

आणि शेजारी, जमलं तर, त्या वर्षीच्या ‘केसरी’चं पान लावा. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो याच १८९७ सालचा, आणि ते गेले १९२०मध्ये. त्यांच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपलाय. पानाचं चित्र दिसायला कंटाळवाणं असतं, नुसता खिळ्यांचा मजकूर. ग्रंथालयातून स्कॅन घेणार असाल तर प्रतीचं शुल्क आणि छापण्याबाबतची अट काउंटरवरच लेखी मागून घ्या. ती अट कॉपीराइटची नसते, ग्रंथालयाच्या नियमांची असते, आणि प्रबंध जमा करायच्या आठवड्यात त्यावर वाद घालायला कुणाकडेच वेळ नसतो.